विद्युतचुंबकीय लहरी कशा उमटतात आणि पोकळीतून कशा जातात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला आत वळलं की थोड्या वेळात खोडदच्या शिवारात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीदार ताटल्या दिसू लागतात. एकेक ताटली ४५ मीटर व्यासाची, अशा एकूण तीस. त्या बघून आलेला माणूस, दहावीतली मुलगी असो की निवृत्त शिक्षक, बहुतेकदा एकाच ठिकाणी अडतो: मध्ये काहीही नसताना इतक्या लांबून लहर येते तरी कशी, आणि मुळात ती निघते कशी? खालचे प्रश्न त्यातूनच आलेले आहेत. गणित टाळलंय, भौतिकशास्त्र टाळलेलं नाही.

विद्युतचुंबकीय लहरीत नेमकं हलतं काय?

पदार्थ म्हणावा असं काहीच हलत नाही. कमीजास्त होतात ती दोन क्षेत्रं: विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र. एखाद्या जागी विद्युतक्षेत्र आहे याचा अर्थ असा की तिथे प्रभारित कण ठेवला तर तो ढकलला जाईल. किती जोराने आणि कोणत्या दिशेला, हे क्षेत्र ठरवतं. कण ठेवा किंवा ठेवू नका, ढकलण्याची ती क्षमता त्या जागी असतेच. लहर जात असताना प्रत्येक जागी ही क्षमता वाढते, शून्यावर येते, उलट दिशेला वाढते आणि पुन्हा शून्यावर येते. एफएमच्या १०१ मेगाहर्ट्झच्या लहरीत हे चक्र सेकंदाला दहा कोटी दहा लाख वेळा पुरं होतं.

पाठ्यपुस्तकात यासाठी एक लाल आणि एक निळी नागमोडी रेघ काटकोनात काढलेली असते. त्या आकृतीने जितकं शिकवलं तितकंच बिघडवलंही, असं माझं स्पष्ट मत आहे. ती बघून मुलांना वाटतं की प्रकाश वळवळत पुढे जातो. आकृतीतल्या बाणांची लांबी म्हणजे क्षेत्राचा जोर. कुठलीही वस्तू तेवढी वर-खाली जात नसते. आकृतीत एक गोष्ट मात्र अगदी बरोबर असते आणि नेमकी तीच नजरेतून सुटते: दोन्ही क्षेत्रं एकाच क्षणी शिखरावर असतात आणि एकाच क्षणी शून्यावर येतात. 'आधी विद्युत, मग त्याचं चुंबकीय, मग पुन्हा विद्युत' अशी पाळीपाळी तिथे चालत नाही.

लहर निघते कशी?

विद्युतप्रभाराच्या वेगात बदल झाला की. या एका वाक्यात पुढचं बरंच काही आहे, म्हणून इथे जरा थांबू.

एक इलेक्ट्रॉन पोकळीत स्वस्थ बसलाय असं धरा. त्याच्याभोवती सर्व दिशांना सरळ क्षेत्ररेषा, म्हणजे क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या कल्पित रेषा, पसरलेल्या आहेत. लहर नाही. आता तो एकसारख्या वेगाने सरळ चाललाय असं धरा. रेषा त्याच्याबरोबर सरकतात, चुंबकीय क्षेत्रही तयार होतं, पण लहर अजूनही नाही. आता त्याला एक क्षणभर धक्का द्या, म्हणजे त्याचा वेग बदला. इथे गंमत सुरू होते.

इलेक्ट्रॉन हलला ही बातमी सगळीकडे एकदम पोचत नाही. ती सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगानेच पसरते. धक्क्यानंतर एका सेकंदाने पाहिलं तर ३ लाख किलोमीटरच्या पलीकडच्या रेषा अजून जुन्या जागेकडेच रोखलेल्या आहेत, तिथे काही कळलेलंच नाही. अलीकडच्या रेषा नव्या परिस्थितीशी जुळलेल्या आहेत. रेष तर मध्ये तुटू शकत नाही. म्हणून जुन्या आणि नव्या भागाला जोडताना तिला आडवं वळावं लागतं. हे आडवं वळण एका पातळ गोल कवचात असतं, आणि ते कवच प्रकाशाच्या वेगाने फुगत बाहेर जातं. तेच लहरीचं स्पंदन. धक्का जितका वेळ टिकला तितका वेळ प्रकाश जेवढा जाईल तेवढी कवचाची जाडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. थॉमसन यांनी ही मांडणी केली. माझ्या मते लहरीचा जन्म समजून घ्यायला आजही यापेक्षा चांगला मार्ग नाही.

त्या आडव्या भागाचं वैशिष्ट्य असं: स्थिर प्रभाराचं क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं, म्हणजे अंतर दहापट झालं की क्षेत्र शंभरावा हिस्सा. आडवा भाग नुसत्या अंतराच्या प्रमाणात कमी होतो. दहापट अंतराला दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे दूर गेल्यावर मूळचं क्षेत्र नगण्य होतं आणि आडवा भागच तेवढा राहतो. तोवर इलेक्ट्रॉन थांबला, विझला, कुठे जाऊन आदळला, तरी निघालेल्या लहरीला त्याचा काही फरक पडत नाही.

इलेक्ट्रॉनला एकदाच धक्का न देता सतत मागे-पुढे हलवत राहिलं की कवचामागून कवच निघत राहतं. अँटेनात हेच होतं. धक्क्याच्या नेमक्या दिशेत मात्र रेषांना आडवं वळावं लागत नाही, म्हणून त्या दिशेला लहर जात नाही. उभी अँटेना चहूबाजूंना प्रसारण करते आणि थेट डोक्यावर जवळपास काहीच पाठवत नाही, ते यामुळे.

घरातल्या वायरीतही प्रवाह मागे-पुढे होतो. मग ती लहरी का सोडत नाही?

सोडते, पण इतक्या क्षीण की मोजायला नको. वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ६,००० किलोमीटर. भिंतीतली दहा मीटरची वायर त्यापुढे काहीच नाही. शिवाय फेज आणि न्यूट्रल शेजारीशेजारी जातात, त्यांतले प्रवाह उलट दिशेचे, त्यामुळे एकाची लहर दुसऱ्याने पुसली जाते. वायरीजवळ टेस्टर किंवा जुना स्पीकर गुणगुणतो ते जवळच्या क्षेत्रामुळे. ते क्षेत्र वायरीला बांधलेलं असतं, सुटून दूर जात नाही. फोनचा वायरलेस चार्जरही अशाच जवळच्या क्षेत्रावर चालतो, म्हणूनच फोन त्याला चिकटून ठेवावा लागतो.

अँटेनाची लांबी कशावरून ठरते?

तरंगलांबीवरून. १०१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.९७ मीटर, तिचा चौथा हिस्सा ७४ सेंटिमीटर. एफएम ट्रान्झिस्टरची सरकती दांडी पूर्ण ओढून टेपने मोजा, बऱ्याच रेडिओंवर ती याच्याच आसपास भरते. चौथ्या हिस्स्याच्या दांडीत इलेक्ट्रॉनांची ये-जा लहरीच्या तालाशी जुळते आणि अगदी थोड्या क्षेत्रानेही प्रवाह नीट उठतो.

मध्यम लहरींवर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर ऐकत एक पिढी वाढली. त्या लहरीची लांबी सुमारे ३७८ मीटर. पाव हिस्सा धरला तरी ९५ मीटर, म्हणून प्रक्षेपणासाठी माळरानावर उंच मनोरे लागतात. एवढी दांडी घरात लावणं शक्य नाही, तेव्हा ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटच्या काळ्या कांडीवर तार गुंडाळलेली असते. ती लहरीचा चुंबकीय भाग पकडते. रेडिओ उचलून हळूहळू गोल फिरवला की एका कोनात आवाज एकदम बारीक होतो, तो कांडीचं टोक केंद्राकडे वळल्यामुळे. लहरीतलं चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेत आहे, हे कानाने कळण्याची एवढी सोपी सोय दुसरी नाही.

हे पहिल्यांदा कोणी ओळखलं, कोणी दाखवलं?

बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज उठते हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. बदलत्या विद्युतक्षेत्रातूनही चुंबकीय क्षेत्र उठलं पाहिजे, ही उलटी बाजू जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ च्या सुमारास समीकरणांत घातली. समीकरणांतून लहर निघाली, आणि तिचा वेग काढायला फक्त विजेच्या आणि चुंबकत्वाच्या मोजमापांतला एक आकडा लागत होता. तो वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये मोजलेला होता. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ३,१०,७०० किलोमीटर. फिझो यांनी प्रकाशाचा वेग मोजला होता तो सुमारे ३,१४,९०० किलोमीटर. वेबर आणि कोलराउश यांच्या त्या प्रयोगात प्रकाशाचा काहीच संबंध नव्हता. होती ती विद्युतप्रभाराची मोजमापं. तरी उत्तर प्रकाशाचंच आलं. भौतिकशास्त्रात इतका मोठा क्षण मला तरी दुसरा माहीत नाही.

मॅक्सवेल १८७९ मध्ये गेले, लहर प्रत्यक्ष कोणी पकडण्याआधीच. जर्मनीत कार्लस्रूह इथे हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८६ ते १८८८ या काळात ते काम केलं. दोन गोळ्यांच्या फटीत ठिणगी पाडायची आणि खोलीत लांब धरलेल्या तारेच्या कड्यातल्या बारीक फटीत अंधारात ठिणगी उमटते का, हे डोळ्यांनी पाहायचं. उमटली. जस्ताच्या पत्र्यावरून लहर परतवून त्यांनी तिची लांबीही मोजली. पुढे १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर लांबीच्या लहरी भिंतींच्या आरपार पाठवून पलीकडे घंटा वाजवली. इतक्या आखूड लहरी निर्माण करून हाताळणं त्या काळात फार थोड्यांना जमलं होतं. आज ५जी आणि रडारमध्ये मिलिमीटर लहरींचा बोलबाला आहे, आणि हे काम आपल्याकडे तेव्हाच झालं होतं हे शाळांत अधिक ठळकपणे सांगायला हवं.

घरी करून बघता येईल असं काही आहे का?

आहे, दोन गोष्टी.

पहिली: मध्यम लहरींचा रेडिओ लावा, स्टेशन नसलेल्या जागी काटा आणा, आवाज वाढवा. आता शेगडी पेटवायचा टकटक वाजणारा लायटर गॅसपासून दूर नेऊन रेडिओजवळ दाबा. प्रत्येक ठिणगीला रेडिओत 'टक्' ऐकू येतं. ठिणगीत इलेक्ट्रॉनांना जबर धक्का बसतो आणि त्यांतून निघालेली लहर रेडिओ पकडतो. हर्ट्झ यांचाच प्रयोग हा, कड्याऐवजी रेडिओ घेऊन केलेला. पावसाळ्याच्या तोंडावर वीज चमकते तेव्हा याच रेडिओत कडकड उठते, मेघगर्जना कानावर यायच्या कितीतरी आधी.

दुसरी: मायक्रोवेव्ह ओव्हनमधली फिरणारी काचेची थाळी आणि तिच्याखालची चाकं काढा, एक बशी पालथी घालून तिच्यावर मोठा कच्चा पापड ठेवा. दहा-पंधरा सेकंद चालू करा, दारापासून हलू नका, आणि फोड दिसू लागले की लगेच बंद करा. पापड सगळीकडे सारखा फुलत नाही, ठिकठिकाणी आधी फुलतो. आतल्या भिंतींवरून लहर परतून येते आणि काही जागी जोर कायम जास्त राहतो. त्या या जागा. शेजारच्या दोन फुललेल्या ठिपक्यांमधलं अंतर साधारण ६ सेंटिमीटर भरतं, ती अर्धी तरंगलांबी. दुप्पट केली, १२ सेंटिमीटर. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे २९ कोटी ४० लाख मीटर येतं. खरा वेग २९ कोटी ९७ लाख ९२ हजार ४५८ मीटर. ठिपके काही वेळा वेडेवाकडे पडतात, कारण लहर तिन्ही दिशांना परतत असते, म्हणून दोन-तीन पापडांवर मोजून सरासरी घ्यावी.

पोकळीत काहीच नसतं. मग लहर कशाच्या आधाराने जाते?

कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला झटकली की आडवा उंचवटा दुसऱ्या टोकापर्यंत धावतो. दोरी जागच्या जागी, धावतो तो आकार. विद्युतचुंबकीय लहरीत आडवा आकार धावतो इथवर साम्य खरं, पण दोरीच नाही, ही अडचण एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या लोकांना छळत होती. त्यांनी सगळं अवकाश व्यापणारा 'ईथर' मानला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने धावते, तेव्हा ईथरचा वारा लागायला हवा आणि वेगवेगळ्या दिशांना प्रकाशाचा वेग थोडा वेगळा भरायला हवा. १८८७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड इथे मायकेलसन आणि मॉर्ली यांनी अत्यंत काटेकोर मोजणी केली. अपेक्षित फरक सापडला नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी ईथरची गरजच काढून टाकली.

आधार क्षेत्रांनाच एकमेकांचा असतो. एखाद्या जागी विद्युतक्षेत्र बदलतंय, तर तिथे चुंबकीय क्षेत्राला वळण घ्यावंच लागतं. चुंबकीय क्षेत्र बदलतंय, तर विद्युतक्षेत्राला. हे दोन नियम एकत्र लागू झाले की बदल एका जागी कोंडून राहूच शकत नाही, तो शेजारच्या जागेत सरकतो. मध्ये हवा असली तरी हे चालतं, नसली तर आणखी सुरळीत चालतं.

मग 'अंतराळातले आवाज' म्हणून फिरणाऱ्या ध्वनिफिती कसल्या?

यांतल्या बऱ्याचशा रेडिओ लहरींचं मोजमाप आवाजात बदलून ऐकवलेलं असतं. ध्वनीला हवा, पाणी, लोखंड असं काहीतरी लागतं. तारा-ताऱ्यांमधल्या विरळ अवकाशात आपल्या कानाला ऐकू येईल असा आवाज नाही. यानाने टिपलेली लहर खरी असते, ऐकवण्याची सोय पृथ्वीवर केलेली असते.

वेग नेहमी एकच का असतो? उगम आपल्याकडे धावत आला तर?

पोकळीत वेग तोच. उगम जवळ येत असेल तर लहरी आखूड होऊन येतात, लांब जात असेल तर लांबट होऊन येतात, पण पोचतात त्याच वेगाने. हा वेग इतका पक्का धरला गेलाय की १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केली जाते.

पक्का आहे, पण अफाट अंतरांपुढे तोही अपुरा वाटू लागतो. चंद्रावरून लहर यायला सव्वा सेकंदाहून थोडं जास्त लागतं, सूर्याकडून ८ मिनिटं २० सेकंद. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरत होतं तेव्हा शेवटचे निर्णय लँडरने स्वतः घेतले. प्रश्न जाऊन उत्तर यायला अडीच सेकंदांहून जास्त लागत असताना इथून लगाम धरणं परवडणारं नव्हतं. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर-१ या अंतराळयानाकडून निघालेली लहर पोचायला आता बावीस तासांपेक्षा जास्त वेळ लागतो.

इतक्या लांब जाताना लहर थकत नाही का?

पोकळी तिच्यातलं काही काढून घेत नाही. होतं एवढंच की तीच ऊर्जा मोठमोठ्या गोलावर पसरत जाते. अंतर दुप्पट, तर आपल्या वाट्याला पाव. व्हॉयेजरचा प्रक्षेपक सुमारे २३ वॅटचा, घरातल्या मोठ्या एलईडी दिव्याएवढा. त्याची ताटली ती ऊर्जा अरुंद झोतात पृथ्वीकडे वळवते आणि इथे ७० मीटरपर्यंतच्या ताटल्या ती गोळा करतात, म्हणून अजून बोलणं चालू आहे.

खोडदनेही असं काम केलंय. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचा शियापारेली हा लँडर मंगळावर उतरत होता. त्याचा प्रक्षेपक मूळ पृथ्वीशी बोलण्यासाठी नव्हताच, वर फिरणाऱ्या यानापुरता होता. तरी जीएमआरटीने त्याची लहर पकडली, उतरण्याचे टप्पे तिच्यातून कळत गेले, आणि जमिनीला टेकण्याच्या थोडं आधी ती तुटल्याचंही इथेच कळलं. यान कोसळलं होतं. मंगळ तेव्हा सुमारे पावणेदहा प्रकाशमिनिटांवर होता.

फारच प्रचंड अंतरांवर आणखी एक गोष्ट घडते. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे वाटेत लहर ताणली जाते. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निरीक्षणात जीएमआरटीने एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर पकडली. ती निघाली सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी, १४२० मेगाहर्ट्झची, आणि पोचली ६२० मेगाहर्ट्झच्या आसपासची होऊन. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ती वाढवून दिली नसती तर ती सापडणं कठीण होतं.

आकाशात अँटेना कोणी लावलेल्या नाहीत. मग तिथे लहरी कशा निघतात?

प्रभारित कणांना धक्के बसायला अँटेनाच लागते असं नाही. कुठलीही गरम वस्तू घ्या, तिच्यातले कण एकमेकांवर आदळत असतात, प्रत्येक वेळी वेग बदलतो, लहर निघते. आपलं शरीरही सतत अवरक्त लहरी सोडतं, त्यांचा जोर सुमारे ९.४ मायक्रोमीटर लांबीला सर्वांत जास्त असतो. करोनाकाळात दारोदार कपाळावर रोखले जाणारे तापमापक हेच मोजत होते. सूर्य अधिक गरम, म्हणून त्याच्या लहरींचा जोर डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्यात.

दुसरी तऱ्हा चुंबकीय क्षेत्राची. इ. स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत स्फोट झालेला तारा नोंदवला. तिथे आज क्रॅब तेजोमेघ आहे. त्यात प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात मळसूत्रासारखे फिरतात. फिरणं म्हणजे दिशा सतत बदलणं, दिशा बदलणं म्हणजे वेगात बदल, म्हणजेच सततचा धक्का. रेडिओपासून एक्स-रेपर्यंत सगळ्या लांबीच्या लहरी तिथून निघतात.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत सुंदर वाटते. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, दोघंही इवले चुंबक. त्यांच्या फिरकीची दिशा एकसारखी असताना अणूत किंचित जास्त ऊर्जा असते. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की तो फरक १४२०.४ मेगाहर्ट्झच्या लहरीने, म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरीने, बाहेर पडतो. इथे जुन्या अर्थाने धक्का नाही, अणूची एक अवस्था बदलून दुसरी येते आणि ते समजायला पुंजभौतिकीच (क्वांटम फिजिक्स) लागते. एकट्या अणूला सोडून दिलं तर हे आपोआप घडायला सरासरी १ कोटी वर्षांहून जास्त लागतात. पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका अमाप आहे की कुठल्याही क्षणी असंख्य अणू उलटत असतातच. डच शास्त्रज्ञ व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केलं आणि १९५१ मध्ये हार्वर्डला ईवेन आणि पर्सेल यांनी ती लहर पकडली. आकाशगंगेच्या सर्पिल भुजांचे पहिले नकाशे याच लहरीवरून निघाले. धुळीमुळे प्रकाश अडतो तिथून २१ सेंटिमीटरची लहर सहज पार होते.

वाटेत लहरीला काहीच अडवत नाही?

पूर्ण रिकामं असं अवकाश नसतंच. तारा-ताऱ्यांमध्ये अत्यंत विरळ इलेक्ट्रॉन असतात, आणि ते कमी वारंवारतेच्या लहरींना किंचित जास्त रेंगाळवतात. स्पंदकाकडून, म्हणजे ठरावीक तालात लहरींची स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याकडून, एकाच क्षणी निघालेल्या लहरींतल्या जास्त वारंवारतेच्या आधी पोचतात, कमी वारंवारतेच्या मागून. मागेपुढे येण्यातला हा फरक मोजून वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन होते याचा हिशेब लागतो.

आपल्या डोक्यावर आयनांबर आहे. सूर्यकिरणांनी तिथली हवा प्रभारित होते. दिवसा त्याचा खालचा थर मध्यम लहरी गिळून टाकतो. रात्री तो थर विरतो आणि वरच्या थरावरून लहरी परत खाली येतात. म्हणून रात्री मध्यम लहरींवर लांबलांबची केंद्रं एकमेकांत मिसळून ऐकू येतात. लघुलहरी वरच्या थरावरून परतत, त्यामुळेच रेडिओ सिलोन कोकणातल्या खेड्यातही ऐकू यायचं, आवाज मोठा-लहान होत का होईना. एफएमच्या आणि जीएमआरटीच्या वारंवारतांना आयनांबर सहसा अडवत नाही, त्या पार होतात.

जीएमआरटीच्या ताटल्यांना नुसती जाळी का? लहर निसटत नाही?

तिथली तार बारीक आणि भोकं १० ते २० मिलिमीटरची. लहर २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब. भोक तरंगलांबीच्या मानाने बरंच लहान असलं की लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच वाटते आणि ती परतते. मायक्रोवेव्हच्या दारातल्या जाळीचंही तेच: आतली १२ सेंटिमीटरची लहर अडते, प्रकाश आरपार येतो म्हणून पापड दिसतो. जाळीमुळे वारा निघून जातो, वजन घटतं, सांगाडा हलका करता येतो. ताणलेल्या तारांवर जाळी बसवण्याची ही कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. त्यांनी आधी उटीची ५३० मीटर लांब दुर्बीण उभारली होती. जीएमआरटी इतक्या कमी खर्चात आणि आपल्याच कारागिरीने उभी राहिली, ती या साध्या हिशेबामुळे.

तीसपैकी चौदा ताटल्या मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात आहेत, बाकीच्या सोळा तीन भुजांवर, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटर. एकच लहर प्रत्येक ताटलीवर थोडी वेगळ्या वेळी पोचते. त्या वेळांचा फरक अचूक धरून सगळ्या नोंदी जुळवल्या की बारकाव्याच्या बाबतीत २५ किलोमीटरच्या एकाच दुर्बिणीचं काम मिळतं. जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणं, आजूबाजूला डोंगर असणं आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला असल्यामुळे आयनांबर तुलनेने शांत असणं, हे सगळं पाहिलं गेलं.

मोबाईलची लहर आणि एक्स-रे एकाच जातीचे, मग धोका सारखा का नाही?

ऊर्जा पुंजक्यांनी, म्हणजे फोटॉनांनी, दिली-घेतली जाते आणि एका फोटॉनची ऊर्जा वारंवारतेवर ठरते. वाय-फायच्या फोटॉनची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा सुमारे दोन लाख पटींनी कमी. त्याने रासायनिक बंध तुटत नाहीत, जास्तीत जास्त ऊब येते. एक्स-रेचा एकेक फोटॉन अणूतून इलेक्ट्रॉन उखडू शकतो. अतिनील किरणांपासून पुढे खरी काळजी घ्यायला हवी, म्हणजे भर दुपारचं ऊन मोबाईल टॉवरपेक्षा जास्त गांभीर्याने घ्यावं. टॉवरला घाबरून गच्चीवर रात्री झोप न येणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे पाहावेत.

मग ती लहर आहे की फोटॉन?

दोन्ही, आणि कोणतं रूप कामाला येईल हे वारंवारतेवर आणि उपकरणावर अवलंबून. रेडिओत फोटॉन इतके क्षुद्र आणि इतके असंख्य असतात की लहर म्हणूनच हिशेब करावा लागतो. गॅमा किरणांत एकेक फोटॉन मोजला जातो.

खोडदला जाऊन हे बघता येतं का?

येतं. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरवण्याची प्रथा आहे, शाळांची मुलं मोठ्या संख्येने येतात आणि दुर्बीणही दाखवतात. निघण्याआधी त्या वर्षीच्या तारखा आणि वेळा जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आवारात मोबाईल बंद ठेवायला सांगतात, ते मनापासून पाळा. दूरच्या दीर्घिकेतून पोचणारी लहर इतकी क्षीण असते की ताटलीखाली चालू असलेला एक फोन तिला सहज झाकून टाकतो.